शून्य लिहिणारे

लातूर, ७ मार्च २०११

उज्वला,

आज पेपरात आमचं नाव छापून आलं. 'जिल्ह्यातले सर्वांत विषारी कारखाने' असा मथळा, आणि खाली पहिलंच नाव रियाज प्लेटिंग वर्क्स. अब्बांनी पेपर उघडला तो अम्मीला वाचून दाखवायलाच. पहिला नंबर म्हणजे काही तरी चांगलंच असणार, असं त्यांना अजून वाटतं. तू शिकायला आमच्या वरच्या खोलीत राहून क्लासच्या चाचणीत पहिली यायचीस तेव्हा त्यांनी मोहल्ल्यात पेढे वाटले होते. अर्धी बातमी वाचून झाल्यावर त्यांचा आवाज बारीक झाला आणि उरलेली त्यांनी मनातल्या मनात वाचली.

यादी तू केलीस हे मला ठाऊक आहे. पेपरवाल्याला तू दिली नसशील, एवढं मी अजून धरून आहे.

गेल्या सप्टेंबरात तू नांदेडहून आलीस तेव्हा अम्मीनं तुझ्यासाठी खिचडी-खट्टा केला होता. जेवता जेवता तू तुझ्या प्रदूषण खात्याचं सांगत होतीस. प्रत्येक कारखाना दरसाल स्वतःच लिहून देतो की आमच्याकडून हवेत किती विष गेलं, पाण्यात किती गेलं, आणि ते कागद कपाटात सडतात. ऑफिसात माणसं चार, कारखाने शेकड्यानं. साहेब तपासणीला जायचा तो जिथून पाकीट आलं नाही तिथं. तू म्हणालीस, आता मी ते सगळे आकडे उतरवून काढणार. "वशिला नाही चालणार चाचा, आकडा चालेल. जिथं जास्त निघतं तिथं आम्ही आधी येऊ. दंड करायला नाही, कमी कसं करायचं ते दाखवायला."

अब्बांनी एवढंच विचारलं होतं, "आन् बाकीच्यांनी खोटं लिहिलं तर?"

तू म्हणालीस, त्यांचं नंतर बघू.

दरवर्षी आमचं विवरणपत्र एजंट भरायचा. त्या वर्षी अब्बांनी ते माझ्यापुढं ठेवलं. मी केमिस्ट्रीची बीएस्सी, मुलामा चढवायच्या टाक्यांमधलं क्रोम मीच तपासते, धुण्याच्या पाण्यातून किती जातं ते मला ठाऊक. जे होतं ते लिहिलं. अब्बांनी खाली सही केली आणि म्हणाले, उज्वला बेटी येईल, ती सांगेल काय करायचं.

आज फवारणी पंपवाल्याचा फोन आला. त्याचे दांडे तो यापुढं दुसरीकडं पॉलिश करून घेणार आहे. तू लवकर ये. जीप घेऊन ये, दारात उभी कर आणि आमच्या ओट्यावर बसून चहा पी. लोकांनी बघितलं तर बरं होईल.

अर्शिया


लातूर, २ मे २०११

उज्वला मॅडम,

आलात, आभारी आहोत.

अब्बांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, तो तुमच्या लक्षात आला असेल. अम्मीनं डब्यात शंकरपाळे पाठवले होते, ते तुमच्या जीपमध्ये द्यायचे राहिले. तुम्ही अब्बांना 'रियाजसाहेब' म्हणालात. घरात सात वर्षं राहिलेल्या पोरीला ते हाक मारायचे तशी हाक त्यांनी मारली, तेव्हा तुमच्या साहेबांनी तुमच्याकडं बघितलं आणि तुम्ही फाईलकडं. पाणीसुद्धा घेतलं नाही.

तुम्ही सगळं नीट बघितलंत. टाक्या, पंखे, धुण्याची हौदी, मागचा खड्डा. खड्ड्यात तुम्हाला काही दिसलं नव्हतं. फरशी अब्बांनी स्वतः उचलली. खाली वाकून तळाची चीर दाखवली आणि म्हणाले, "हितनं मुरतं बेटा. याचंच काय तरी सांगा." त्यांना वाटलं, डॉक्टरपुढं दुखतं ते दाखवायचं असतं. तुमचे साहेब हसले आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

आठवड्यात बंदीचा हुकूम आला. लाईनमन येऊन वीज तोडून गेला. मी फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात की बातमीमुळं वरून दबाव आहे, एक तरी उदाहरण घालून द्यावं लागेल. कमी कसं करायचं ते दाखवायचं राहूनच गेलं.

आता तुमच्या कामाची एक गोष्ट सांगते. आमच्या समोर, रस्त्यापलीकडं, मडिवाळप्पा शेठचा सॉल्व्हंट प्लांट आहे. सोयाबीनमधून तेल काढायला ते हेक्झेन वापरतात. पेट्रोलच्याच जातीचं असतं ते. तेल सुटलं की हेक्झेन गोळा करून पुन्हा वापरायचं, अशी पद्धत. शेठनं विवरणपत्रात लिहिलंय की सगळं बंद नळीत चालतं, हवेत काही जात नाही, शून्य. हे त्यांचा एजंटच चहाच्या टपरीवर सांगत असतो. काहीच उडून जात नसेल तर नवं हेक्झेन कशाला लागतं? हंगामात महिन्याला टँकर येतो. आमच्या दारातून वळण घेतो म्हणून मला दिसतो. टँकरभर जे आत गेलं आणि साठ्यात उरलं नाही, ते गेलं कुठं? ते हवेत गेलं, पेंडीत गेलं आणि तिथल्या माणसांच्या छातीत गेलं. हा हिशेब अकरावीतली पोर मांडील. तुम्ही तर पहिल्या यायच्या.

हे मी तुम्हाला आज लिहून कळवत आहे.

अर्शिया रियाज


लातूर, २६ जून २०११

उज्वला,

तुझं पत्र मिळालं. 'मॅडम' लागलं, असं लिहिलंस. लागावं म्हणूनच लिहिलं होतं.

तू म्हणतेस, यादी आकड्यावर लागते, शून्य लिहिणारा आपोआप तळाला जातो. तक्रार आली तरच यादी सोडून कुठं जाता येतं. 'तू म्हणतेस ते खरं वाटतं, पण मी माझ्या मनानं एक नाव वर घेतलं तर उद्या साहेब त्यांच्या मनानं दहा नावं खाली घेतील.' मी तक्रार द्यावी, असं सुचवलंस. आमची दहा माणसं आता शेठकडं पेंडीची पोती उचलतात. भुजंग तिथंच आहे. मी शाळेत होते तेव्हापासून तो अब्बांकडं कामाला होता. मला सायकल त्यानं शिकवली, आठवत असेल तुला. त्याची एक चूल आम्ही विझवली. दुसरी विझवायला मी सही करणार नाही.

तुझ्या पत्रातलं ते वाक्य, 'प्रामाणिक माणसाला त्रास होतो याचं मला वाईट वाटतं', ते मी दोनदा वाचलं. तुला आठवतं का, वरच्या खोलीत दिवा मालवल्यावर तू मला भूकंपाचं सांगायचीस? पंचनाम्याला माणूस आला तेव्हा तुझ्या वडिलांनी, ग्यानोबाकाकांनी, खरं सांगितलं, दोन भिंती पडल्या. शेजाऱ्यानं पहार घेऊन आपलं उभं घर स्वतः पाडलं आणि सगळंच गेलं म्हणून सांगितलं. त्याला नवं घर मिळालं, तुम्हाला छपराचे पत्रे मिळाले. दोन भिंतींतली एक तुझ्या आईवर पडली होती, पण त्या माणसाच्या कागदावर भिंती मोजायच्या होत्या. त्याला तू बारावीपर्यंत शिव्या देत होतीस. आता त्याच्या खुर्चीत बसून कसं वाटतं, ते कळव.

साखराबाईच्या विहिरीचं तू लिहिलंस. हाव, आमच्या मागच्या त्या विहिरीचं पाणी पिवळं होतं. म्हातारीच्या हाताला फोड होते आणि ते मला तुझ्या आधीपासून दिसत होते.

अब्बांनी टाक्या भंगारात दिल्या. आता ते लग्नाच्या आचाऱ्यांच्या देगांना कल्हई करतात. आजोबांचा धंदा, तो सुटावा म्हणून त्यांनी वर्कशॉप टाकलं होतं. नवसागराच्या धुरात बसून खोकतात. तुझं नाव निघालं की म्हणतात, पोरीवर साहेब आहे, ती काय करील. मी त्यांना तुझं पत्र दाखवलेलं नाही. त्यांची तुझ्याबद्दलची ही एक समजूत मोडायची मला घाई नाही. ती मी राखून ठेवली आहे.

अर्शिया


लातूर, ३० सप्टेंबर २०१२

उज्वला,

आज तीस सप्टेंबर, भूकंपाचा दिवस. आज तू जेवत नाहीस. कारखान्यांची विवरणपत्रं द्यायची शेवटची तारीखही हीच, म्हणून तुझी आठवण आली. वर्षभर तू लिहीत राहिलीस आणि मी गप्प राहिले, त्याचं कारण आज सांगते.

शेठचं विवरणपत्र मी भरलं आहे. मी त्यांच्याकडं केमिस्ट आहे.

मडिवाळप्पा शेठ स्वतः घरी आले होते. ओट्यावर बसले, चहा प्याले. म्हणाले, "रियाजभाई, तुमच्या पोरीला आकडे येतात म्हणं. आमच्याकडं द्या तिला. घरच्यासारखी राहील." अब्बा नको म्हणाले. मी जाते म्हणाले. घर चालायला हवं, अम्मीच्या गुडघ्यांचं औषध हवं, असं मी अब्बांना सांगितलं. ते खरंच आहे. मला आणखी काय हवं होतं ते त्यांना सांगितलं नाही. तुला सांगते. तुझ्या यादीला दिसत नाही अशी जागा कशी असते ते मला आतून बघायचं होतं.

चांगली असते. पंखा आहे. कुणी तपासायला येत नाही. आमच्याकडं हवेत काही जात नाही, असं मी आज लिहिलं. खऱ्या आकड्याला त्या वर्षी मला महिना लागला होता. शून्याला चहा निवायच्या आत झालं.

भुजंगला एक्स्ट्रॅक्टरवर घेतलंय, म्हणजे जिथं सोयाबीन हेक्झेननं धुतात त्या मोठ्या लोखंडी भांड्यावर. पगार बरा आहे म्हणून तो खूष होता. गेल्या महिन्यात मला म्हणाला, "ताई, पायातली चप्पल कवा निसटती तेच कळंना झालंय. घरी गेल्यावर बायको म्हणती, एकच घालून आलाव." तळपायाला मुंग्या येतात, पायऱ्या चढताना पाऊल ओढावं लागतं. पुस्तकात हेक्झेनबद्दल जसं लिहिलेलं असतं तसंच. मी त्याला ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. हेक्झेनचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर त्यानं काम सोडलं असतं. किंवा सोडलं नसतं आणि भीत भीत केलं असतं. दोन्हीतलं काय वाईट ते मला ठरवता आलं नाही, आणि तोवर तो निघून गेला.

तुझी नवी यादी लागेल तेव्हा आम्ही तळाला असू. तू तळापर्यंत कधी पोचतेस ते मी इथं बसून बघत आहे.

अर्शिया


लातूर, १९ जानेवारी २०१३

उज्वला,

भुजंग मेला.

एक्स्ट्रॅक्टर साफ करायला उघडला होता. आधी हवा खेळवायची असते, निदान एक रात्र. हंगामाची गर्दी होती, मॅनेजर म्हणाला दुपारपर्यंत चालू करा. तिघं आत उतरले. थोड्या वेळानं तिघांनाही गरगरायला लागलं आणि तिघंही शिडीकडं वळले. दोघं वर आले. भुजंगला पायाखाली पायरी आहे का नाही ते कळत नव्हतं. वरच्या पोरानं सांगितलं, तो हातानं पाय उचलून पायरीवर ठेवत होता. दोनदा ठेवला, दोनदा निसटला. मग हात सुटले.

मी तेव्हा लॅबमध्ये तेलाचा नमुना तपासत होते. आरडाओरडा ऐकून बाहेर आले तेव्हा त्याला पोत्यावर आडवा केला होता. अंगाला हेक्झेनच्या गोडसर वासाचा नुसता भपका. एका पायात चप्पल होती.

कारखाना निरीक्षक साहेब येऊन गेले. शेठच्या केबिनमध्ये बसले, गेले. तू आली नाहीस. तुझ्याकडं कागदावर आम्ही शून्यच आहोत, तू कशाला येशील.

मी त्याच्या घरी गेले. त्याची बायको शिवम्मा निलंग्याकडची, तिकडं कानडी हेल आहे. रडून रडून तिचा आवाज बसला होता. मला बघून ती उठली आणि जमलेल्या बायांना म्हणाली, "ह्याच ताई. ह्यांनीच गोळ्या दिल्या व्हत्या. लई जीव व्हता त्यांचा ह्यांच्यावर." मग तिनं मला बसायला घोंगडी टाकली. मी बसले. उज्वला, मी त्या घोंगडीवर बसले आणि तिनं दिलेला चहा प्याले.

अब्बा तिथंच होते. येताना रस्त्यात त्यांनी विचारलं, "त्याचे पाय कधीपासून तसे होते?"

मी म्हणाले, पोळ्याच्या आसपास.

"कशानं होतं ते?"

मी सांगितलं.

"तुला कधी कळलं?"

त्या दिवसापासून अब्बा माझ्या पगारातलं खात नाहीत. कल्हईचे चार पैसे येतात त्यातून ज्वारी आणतात, अम्मीला त्याची वेगळी भाकरी करायला लावतात. अम्मी रडते. ते जेवून ताट स्वतः घासतात.

तुला हे कशाला लिहिते? दुसऱ्या कुणाला लिहिता येत नाही म्हणून. आपण दोघींनीच मिळून हे केलंय.

अर्शिया


लातूर, ८ एप्रिल २०१३

उज्वला,

तुझ्या पत्राला लगेच उत्तर दिलं नाही, कारण मी मधे चार दिवस कोठडीत होते. ते तुला माहीत आहे. तुझ्याच पंचनाम्यावर धरून नेलं.

तक्रार कुणाची, ते मला पोलीस ठाण्यात कळलं. तू पत्रात ते लिहायचं टाळलंस, बरं केलंस. अब्बा अम्मीला म्हणाले, अहमदपूरला लग्नाच्या देगांना कल्हई करायला जातो, आणि एसटीनं नांदेडला तुझ्या ऑफिसात आले. तू त्यांना खुर्ची दिलीस म्हणे. त्यांनी तक्रार उर्दूत लिहून आणली होती, तू समोर बसून ती मराठीत उतरवून घेतलीस. त्यातली एक ओळ ठाणेदारानं मला वाचून दाखवली. 'सदर कारखान्यात हवेत जाणाऱ्या विषाचा आकडा माझी मुलगी अर्शिया हिने जाणूनबुजून खोटा लिहिला आहे.'

मग तू आलीस. टँकरांच्या पावत्या मागितल्यास, साठा मोजलास, वजाबाकी केलीस. एका दुपारचं काम. दोन वर्षांपूर्वीही एका दुपारचंच होतं.

शेठनं सांगितलं, मला काय कळतं, आकडे केमिस्टबाई लिहायच्या. मॅनेजरनं तेच सांगितलं. शेठ आता छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात आहेत. मॅनेजर आणि मी आत गेलो.

जामिनाच्या दिवशी अब्बा घराचे कागद घेऊन आले. कारकुनानं विचारलं, आरोपी तुमची कोण. मुलगी, अब्बा म्हणाले. त्यानं कागद उलटला, पुन्हा बघितलं आणि विचारलं, मग हे तक्रारदार रियाज कोण. "मीच," अब्बा म्हणाले. कारकुनाला वाटलं म्हाताऱ्याला ऐकू येत नाही. त्यानं जोरात पुन्हा विचारलं. अब्बांनी पुन्हा तेच सांगितलं आणि सही कुठं करायची ते विचारलं.

रिक्षात ते माझ्या शेजारी बसले. मी त्यांना म्हणाले, मला आधी विचारलं असतं तर मी स्वतः सांगितलं असतं. ते म्हणाले, "भुजंगनं पण तुलाच विचारलं होतं."

तुझं कौतुक छापून आलंय, ते वाचलं. खात्यानं आता रीत बदलली म्हणे. आकडा किती लिहिला ते बघून थांबायचं नाही, माल किती विकत घेतला तेही शेजारी मांडायचं, आणि ज्याचं जुळत नाही त्याच्या दारात आधी जायचं. शून्य लिहिणारे वर आले. उदगीरचे दोघं, अहमदपूरचा एक, हदगावचा एक. चौघांकडंही सापडलं. हदगावला ज्यांचे पाय गेलेत ते अजून जिवंत आहेत, तेवढं बरं. चांगलं काम आहे, उज्वला. हे मी टोचून लिहीत नाही.

आता तुझ्या पत्राचं. तू लिहिलंस, खटल्यात तुला साक्षीला बोलावतील. टँकरांचं मी तुला २०११ मध्येच कळवलं होतं आणि तू उत्तर दिलं होतंस, हे मी बोलू नये, अशी तुझी विनंती आहे. बोलले तर तुझी चौकशी लागेल, नोकरी जाईल, आणि आत्ता कुठं सुरू झालेलं हे काम पुन्हा पाकीटवाल्या साहेबांच्या हातात जाईल. शेवटचं ते खरं आहे. मी चार दिवस त्याचाच विचार करत होते. तू गेलीस तर हदगावसारख्या ठिकाणी पुढच्या वेळी कुणी जाणार नाही. माझ्या एका खऱ्या बोलण्यानं आणखी कुणाचे तरी पाय जातील. तू नेहमीसारखा हिशेब बरोबर मांडलास.

मला ठरवता येईना, म्हणून काल संध्याकाळी मी तुझं पत्र अब्बांना वाचून दाखवलं. ते अंगणात भट्टी पेटवत होते. तुझ्याबद्दलची ती समजूत मी इतके दिवस राखून ठेवली होती ना, ती काल मोडली. मला वाटलं होतं, मोडताना बरं वाटेल.

अब्बांनी भाता थांबवला. विचारलं, "तिला ठाऊक होतं?"

मी म्हणाले, हो.

"भुजंग तिथं जायच्या आधीपासून?"

तो नुकताच लागला होता, मी म्हणाले. अजून पाय चांगले होते.

तुझ्यावर ते चिडतील असं मला वाटलं, पण चिडले नाहीत. अम्मीनं आतून विचारलं काय झालं, तर म्हणाले काही नाही. मग त्यांनी देग भट्टीवर ठेवली, नवसागराची पुडी उघडली आणि मला म्हणाले, "तू खरं सांग. आन् तिला लिही, तिनंबी सांगावं. मी दोघींनाबी जामीन राहतो."

लिहिलं.

अर्शिया